न शिकवलेल्या इंग्रजीची परीक्षा

ब्रिटनचा राजा आपला राष्ट्रप्रमुख नको, यावर जमैकात आता फारसा वाद उरलेला नाही. प्रजासत्ताकाचं विधेयक डिसेंबर 2024 मध्ये संसदेत मांडलं गेलं. भांडण उरलं आहे ते शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच ठेवायचं की कॅरिबियन न्यायालयाकडे सोपवायचं, यावर. पण राज्यघटनेला हात घालायचं ठरलं की एक जुना प्रश्न दरवेळी डोकं वर काढतो. घराघरात बोलली जाते त्या पॅट्वा भाषेला राजभाषेचा दर्जा द्यायचा का, आणि तिला शाळेत जागा द्यायची का? या प्रश्नावर तिथली वर्तमानपत्रं, रेडिओवरचे फोन-इन कार्यक्रम आणि चर्चचे पाद्री तावातावाने बोलतात. एक बाजू म्हणते, पॅट्वा म्हणजे मोडकीतोडकी इंग्रजी, ती घेऊन पोरं जगात कुठे जाणार? दुसरी बाजू म्हणते, पॅट्वा म्हणजे आमच्या गुलाम पूर्वजांचा श्वास, तिला नाकारणं म्हणजे स्वतःला नाकारणं. दोन्ही बाजूंना भाषणं छान जमतात, आणि मधल्या मध्ये पहिलीच्या वर्गात बसलेलं सहा वर्षांचं मूल सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. माझं म्हणणं सरळ आहे. जमैकाची शाळा इंग्रजी शिकवतच नाही, मुलाला ती येते असं गृहीत धरते आणि मग तिची परीक्षा घेते. सुरुवातीच्या इयत्तांत पॅट्वा आणायची ती पॅट्वाच्या सन्मानासाठी नव्हे. आज काही थोड्या घरांपुरती असलेली इंग्रजी सगळ्यांना मिळावी, म्हणून आणायची.

गृहीत धरणं म्हणजे काय, ते जरा बारकाईने पाहायला हवं. पॅट्वातले बहुतेक शब्द इंग्रजीतून आलेले आहेत, व्याकरण मात्र बरंचसं स्वतःचं आहे. भूतकाळ सांगताना क्रियापदाचं रूप बदलत नाही. क्रिया चालू आहे हे दाखवायला क्रियापदाआधी छोटासा ‘अ’ येतो. अनेकवचन करायचं तर नामामागे ‘डेम’ लागतो. तो आणि ती यांना एकच सर्वनाम चालतं. हे नियम आहेत, आणि मूल ते चोख पाळतं. तेच मूल वहीत ‘द बॉय वॉक टू स्कूल यस्टरडे’ असं लिहितं तेव्हा त्याने स्वतःच्या भाषेचा नियम पाळून इंग्रजी शब्द मांडलेले असतात. शिक्षकाला मात्र तो निष्काळजीपणा वाटतो. लाल शाईची एक रेघ ओढली जाते, कारण कुणी सांगत नाही. फ्रेंच मुलाने हीच चूक केली असती तर शिक्षकाने त्याला समोर बसवून इंग्रजीचा भूतकाळ समजावला असता, कारण फ्रेंच ही वेगळी भाषा आहे हे सगळ्यांना मान्य आहे. जमैकन मुलाला ही सवलत नाही. त्याची भाषा इंग्रजीच्या इतकी जवळ आहे की आपल्याला इंग्रजी कळतं असं मुलाला वाटतं, आणि याला इंग्रजी येतं पण हा आळशी आहे असं शिक्षकाला वाटतं. वेस्ट इंडीज विद्यापीठातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक डेनिस क्रेग आयुष्यभर हेच सांगत राहिले. अशा मुलासाठी इंग्रजी धड मातृभाषाही नसते आणि धड परकी भाषाही नसते, म्हणून तिच्यासाठी तिसरीच अध्यापनपद्धत लागते. ती पद्धत आखली गेली, तिच्यावर पुस्तकं लिहिली गेली. वर्गात ती आजही तुरळकच दिसते.

परिणाम काय झाला? 2020 मध्ये सरकारने हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ ऑर्लँडो पॅटरसन यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. पॅटरसन स्वतः जमैकाचे, किंग्स्टन कॉलेज या शाळेत शिकलेले. 2021 च्या त्यांच्या अहवालाने देश हादरला. प्राथमिक शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना वाचता येत नव्हतं आणि निम्म्याहून अधिक मुलांना लिहिता येत नव्हतं. जमैकन मूल सरासरी अकरा-बारा वर्षं शाळेत घालवतं, पण त्याच्या पदरी पडतं ते सातेक वर्षांचं शिक्षण. आणि हा देश शिक्षणावर हात आखडता घेणारा नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून जास्त पैसा तिथे शिक्षणावर जातो. शाळा आहेत, गणवेश आहेत, मुलं वर्गात बसलेली आहेत. मग कुठे बिनसलं?

यासाठी थोडं मागे जावं लागतं. 1834 मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली, आणि 1838 मध्ये ‘उमेदवारी’च्या नावाने चालू राहिलेली वेठही संपली. मोकळ्या झालेल्या लोकांना शिकवण्यासाठी ब्रिटिश संसदेने 1835 पासून जेमतेम दहा वर्षं अनुदान दिलं. ते मिशनऱ्यांच्या हाती गेलं, आणि मिशनऱ्यांना बायबल वाचणारा, वेळेवर मळ्यात हजर होणारा, धन्याला सलाम करणारा मजूर घडवायचा होता. 1865 मध्ये मोरँट बे इथे पॉल बोगलच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. तो चिरडताना गव्हर्नर आयरने शेकडो लोकांना फासावर चढवलं, गोळ्या घातल्या. त्यानंतर गव्हर्नर म्हणून आले सर जॉन पीटर ग्रँट. काही वर्षांपूर्वीच ते बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर होते, नीळ आंदोलनाच्या ऐन धामधुमीत. एकाच साम्राज्याचे कारकून कुठून कुठे फिरत असत, याची गंमत वाटते. ग्रँट यांनी जमैकात ‘निकालावर अनुदान’ आणलं. निरीक्षक येणार, मुलांची वाचन, लेखन, गणिताची परीक्षा घेणार आणि त्या निकालावर शाळेला पैसे मिळणार. आपल्या मुंबई इलाख्यातही त्याच सुमाराला हीच पद्धत होती. तिने शिक्षकाला एक धडा कायमचा शिकवला: जे मूल पास होण्यासारखं आहे त्याच्याकडे लक्ष द्या. आणि ज्याच्या घरी आधीच इंग्रजी आहे, त्याच्याइतकं पास होण्यासारखं दुसरं कोण असणार?

त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांत परीक्षांची नावं बदलली, चाळण तीच राहिली. 1950 च्या दशकाच्या शेवटी माध्यमिक शाळेत जाण्यासाठी ‘कॉमन एन्ट्रन्स’ आली, 1999 मध्ये तिच्या जागी दुसरी परीक्षा आली, 2019 मध्ये तिसरी. वोल्मर्स, जमैका कॉलेज, मन्रो अशा जुन्या नामांकित शाळांतल्या जागा मुख्यतः फी भरून खासगी ‘प्रेप’ शाळांत शिकलेल्या मुलांना मिळत. इतक्या, की 1960 च्या दशकात शिक्षणमंत्री एडविन ॲलन यांना नियम करावा लागला: 70 टक्के जागा सरकारी प्राथमिक शाळांना, 30 टक्के प्रेप शाळांना. पंतप्रधान मायकेल मॅन्ली यांनी 1973 मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षण मोफत केलं, प्रौढ साक्षरतेची मोठी मोहीम उभी केली. हे सगळं खरोखर मोलाचं होतं. पण दार किती उघडायचं यावर एवढी भांडणं झाली, त्या दारापर्यंत मूल कोणत्या भाषेत चालत येतं हे कुणी विचारलं नाही. प्रेप शाळेतलं मूल इंग्रजी घेऊनच शाळेत शिरतं. डोंगराळ सेंट थॉमसमधलं किंवा पश्चिम किंग्स्टनच्या वस्तीतलं मूल चर्चच्या मागच्या खोलीत भरणाऱ्या ‘बेसिक स्कूल’ नावाच्या बालवाडीतून येतं. परीक्षा मात्र दोघांची एकच. गणितातलं शाब्दिक उदाहरणसुद्धा इंग्रजीतच असतं, त्यामुळे भागाकार येणारं मूल गणितातही नापास होतं.

आता विरोधकांचं ऐकू या, कारण त्यांचं म्हणणं फालतू नाही. पहिला मुद्दा पोटाचा. जमैकाची लोकसंख्या सुमारे 28 लाख, म्हणजे पुणे शहराहूनही कमी. पर्यटन, कॉल सेंटर, आणि न्यूयॉर्क, टोरंटो, लंडनहून नातेवाईक पाठवतात ते पैसे, यावर देश चालतो, आणि या तिन्ही गोष्टी इंग्रजीवर उभ्या आहेत. माँटेगो बेच्या हॉटेलात पॅट्वातला निबंध दाखवून नोकरी मिळत नाही. हे शंभर टक्के खरं आहे. म्हणून तर विचारायचं, की गेली पावणेदोनशे वर्षं सगळं इंग्रजीतून शिकवून किती जणांना इंग्रजी आलं? इंग्रजीची गरज आणि इंग्रजी माध्यम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतकी वर्षं चालवून पाहिलेला उपाय लागू पडत नसेल, तर तोच आणखी नेटाने करा म्हणणाऱ्याने निदान कारण तरी द्यावं. वाचणं ही क्रिया मूल एकदाच शिकतं, आणि कळणाऱ्या भाषेत ते लवकर शिकतं. अक्षर आणि आवाज यांचं नातं एकदा डोक्यात बसलं की ते दुसऱ्या भाषेत नेता येतं. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी हे 1953 मध्येच सांगितलं होतं. यात क्रांतिकारक असं काही नाही.

दुसरा मुद्दा संशयाचा. मला तोच सगळ्यात जड वाटतो. गरीब काळ्या जमैकन आईला वाटतं, मोठ्या लोकांची मुलं इंग्रजीत शिकणार आणि माझ्या मुलाला तुम्ही पॅट्वात अडकवणार. हा संशय तिने हवेतून काढलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचंच शिक्षण पुरे, पुस्तकी शिक्षणाने ती शेफारतात, असं मळेवाले उघड म्हणत. दक्षिण आफ्रिकेत 1953 च्या बांटू शिक्षण कायद्याने आफ्रिकन मुलांना मातृभाषेत शिकवलं ते त्यांना खाली ठेवण्यासाठीच. मातृभाषेतलं शिक्षण आपोआप मुक्तीकडे नेतं, असं मानणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये. पण त्यातून निघतं काय? भाषा कोणती यापेक्षा पुढचं दार कुणासाठी बंद आहे हे महत्त्वाचं ठरतं. आपल्याकडे 1840 च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये हाच सामना रंगला होता. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने, तर जगन्नाथ शंकरशेट आणि त्यांचे सहकारी देशी भाषांच्या. पेरींचा रोख मोजक्यांना उत्तम इंग्रजी शिक्षण देण्यावर होता, ते पुढे खाली झिरपेल या आशेवर. झिरपलं नाही. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांना सांगावं लागलं की सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि तो भरणाऱ्या शेतकऱ्याचं पोर प्राथमिक शाळेवाचून राहतं. जमैकातली आजची इंग्रजीची बाजू पेरींचीच भाषा बोलते आहे, फक्त गरिबांचा कैवार घेऊन. आणि गरीब आईवडिलांचं म्हणाल, तर वेस्ट इंडीज विद्यापीठातल्या भाषा विभागाने 2005 मध्ये देशभर विचारलं, तेव्हा दहापैकी सुमारे सात जण म्हणाले, नुसत्या इंग्रजी शाळेपेक्षा इंग्रजी आणि पॅट्वा दोन्ही शिकवणारी शाळा बरी. म्हणजे लोक दोन्ही मागतात, आणि वाद घालणारे त्यांच्यापुढे एकच ठेवतात.

तिसरा आक्षेप असा, की पॅट्वा एक नाहीच. शहरात एक, खेड्यात दुसरी, आणि शुद्ध इंग्रजीपर्यंत जाणाऱ्या तिच्या पायऱ्याच पायऱ्या. बँकेत एक बोली, बाजारात दुसरी. मग पुस्तकात कुठली घालणार? हे वाचून मराठी माणसाला हसू यायला हवं. चंदगडपासून चांद्यापर्यंत मराठी एक होती म्हणून आपण क्रमिक पुस्तकं काढली का? पुस्तकं काढली, म्हणून आज एक प्रमाण मराठी दिसते. (त्या प्रमाण मराठीने वऱ्हाडी, अहिराणी पोरांना काय भोगायला लावलं, तो हिशेब वेगळा, आणि तो जमैकाने आधीच करून ठेवावा.) लेखनपद्धतीची अडचण तर केव्हाच संपली आहे. फ्रेडरिक कॅसिडी या भाषाशास्त्रज्ञाने 1961 मध्ये उच्चारानुसारी लेखनपद्धत सुचवली, विद्यापीठाने पुढे ती घासूनपुसून घेतली आणि 2012 मध्ये बायबलचा अख्खा नवा करार तिच्यात छापून निघाला. ज्या भाषेत सेंट पॉलची पत्रं बसतात, तिच्यात पहिलीचं वाचनपाठांचं पुस्तक बसत नाही?

गरिबी, टोळीयुद्धं, उपाशी पोटी येणारी मुलं, इंग्लंड-अमेरिकेने पळवलेले चांगले शिक्षक, ही कारणं कुणी पुढे केली तर ती मला मान्य आहेत. भाषेने यातलं काहीही सुटणार नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. पॅट्वाचा झेंडा मिरवणाऱ्यांनी या वादाचं कमी नुकसान केलेलं नाही. लुईज बेनेट, म्हणजे सगळ्यांची मिस लू, यांनी पॅट्वातून कविता करून, रंगभूमी आणि दूरचित्रवाणी गाजवून, ‘तुमची बोली लाजेची गोष्ट नाही’ हे एका अख्ख्या पिढीला पटवलं. ते काम झालं. 2018 मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताला मानवजातीच्या वारशात जागा दिली. आज जाहिराती पॅट्वात होतात, निवडणुकीच्या सभा पॅट्वात होतात, मतं मागून झाली की शपथ तेवढी इंग्रजीत होते. सन्मानाचा तुटवडा नाही. तरीही सांस्कृतिक बाजू सन्मानच मागत बसते, आणि ‘राजभाषा करा’ ही मागणी पहिली ठेवते. हैतीने 1987 च्या राज्यघटनेत क्रेओलला, म्हणजे पॅट्वासारख्याच तिथल्या लोकभाषेला, राजभाषा केलं, तरी शाळांमध्ये फ्रेंचचं वजन आजही भारीच आहे. गोव्यात कोकणी 1987 मध्ये राजभाषा झाली, आणि 2011 मध्ये तिथल्याच सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय घेतला. राजपत्रातला ठराव वर्गापर्यंत पोचेलच असं नाही. मॉरिशसचं उदाहरण तर आपल्या घरचंच. कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांची नातवंडं-पतवंडं तिथे घरी क्रेओल बोलतात. 2012 मध्ये क्रेओल प्राथमिक शाळेत आली ती ऐच्छिक विषय म्हणून, मराठी, तमिळ, हिंदी यांच्या पर्यायांत. म्हणजे पालकाने पूर्वजांची भाषा किंवा मुलाची भाषा, यातली एक निवडायची. वाचन शिकण्याचा पाया म्हणून तिचा विचार झाला नाही, वारशाच्या यादीत एक नाव वाढलं. सेशेल्सने मात्र 1982 पासून सुरुवातीच्या इयत्तांचं शिक्षणच क्रेओलमध्ये दिलं आणि इंग्रजी टप्प्याटप्प्याने आणली. जमैकाने शिकायचं तर तिकडून शिकावं.

गंमत अशी की शाळेने मूल जिथे आहे तिथून सुरुवात केली तर काय होतं, हे जमैकाइतकं दुसऱ्या कुणी जगाला दाखवलेलं नाही. किंग्स्टनची अल्फा बॉइज स्कूल घ्या. अनाथ आणि वाट चुकलेल्या मुलांसाठी 1880 मध्ये सुरू झालेली संस्था, पुढे कॅथलिक जोगिणींनी चालवलेली. मुलांच्या कानात ताल होता, कागदावरची स्वरलिपी त्यांना ठाऊक नव्हती. शाळेने ती त्यांना येते असं गृहीत धरलं नाही, शून्यापासून शिकवली. बँडमध्ये बसवलं, रोज घासून घेतलं. 1964 मध्ये स्का संगीताला आकार देणारा ‘स्कॅटलाइट्स’ हा वाद्यवृंद उभा राहिला तेव्हा त्यातले डॉन ड्रमंड, टॉमी मॅककुक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग हे चौघे याच शाळेचे होते. धावण्याचंही तसंच. 1910 पासून भरणाऱ्या आंतरशालेय ‘चॅम्प्स’ स्पर्धांना नॅशनल स्टेडियम ओसंडून वाहतं. उसेन बोल्ट हा ट्रेलॉनीतल्या विल्यम निब शाळेचा. पण निव्वळ रक्ताने किंवा जेवणातल्या यॅम कंदाने पदकं आली, असं सांगणारे 1980 मध्ये सुरू झालेलं जी. सी. फॉस्टर कॉलेज विसरतात. शाळाशाळांत जाणारे प्रशिक्षित क्रीडाशिक्षक या कॉलेजाने तयार केले. पोराला धावता येतंच, मग प्रशिक्षक कशाला, असं तिथे कुणी म्हटलं नाही. इंग्रजीच्या बाबतीत मात्र नेमकं हेच म्हटलं जातं: पोराला इंग्रजी येतंच, शिकवायचं काय त्यात?

2001 मध्ये शिक्षण खात्याने भाषाधोरणाचा मसुदा केला. मुलाची घरची भाषा वर्गात तोंडी वापरू द्या, पण अध्यापनाची भाषा इंग्रजीच, असा मधला मार्ग त्यात होता. 2004 ते 2008 या काळात विद्यापीठाने काही प्राथमिक शाळांत दोन्ही भाषांतून शिकवण्याचा प्रयोग केला. पुस्तकं तयार झाली, शिक्षक तयार झाले, आणि प्रयोग संपल्यावर ते सगळं तिथेच राहिलं. म्हणून मला पुढच्या मागण्या फार साध्या वाटतात. मायको आणि इतर अध्यापक महाविद्यालयांत प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला पॅट्वाचं व्याकरण आणि क्रेग यांची पद्धत सक्तीने शिकवावी. चूक खोडताना ती का झाली हे ज्याला सांगता येत नाही, त्याला पहिलीचा वर्ग देऊ नये. पहिली तीन वर्षं वाचन-लेखन आणि गणित पॅट्वातून चालावं आणि पहिल्या दिवसापासून इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून रोज, नेमाने शिकवली जावी. चौथीपासून पारडं हळूहळू इंग्रजीकडे झुकावं. आणि हे सगळ्यांना लागू असावं. किंग्स्टनच्या ‘अपटाउन’ टेकड्यांवरच्या प्रेप शाळांनाही. त्यांच्या मुलांना तीन वर्षं पॅट्वात वाचायला शिकवल्याने त्यांचं इंग्रजी बुडणार नाही, ते घरीच आहे. शिवाय ही मुलं पॅट्वा बोलतातच, मोलकरणीशी, माळ्याशी, मैदानावर. गरीब आईचा संशय फिटायचा तर तो असाच फिटेल, भाषणाने फिटणार नाही. हा नियम प्रेप शाळांपुढे ठेवला की विरोध कुठून आणि कोणत्या आवाजात होतो, ते ऐकण्यासारखं असेल.